बिनआवाजाचा फ्लॅशर

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचा इंडिकेटर लुकलुकायचा थांबला, तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय हे थोरलीला लगेच कळलं. दिवा पेटतो आणि तसाच पेटलेला राहतो, म्हणजे फ्लॅशर गेला. काडेपेटीएवढी डबी असते ती, दोन वायरींची. एवढ्यासाठी मेकॅनिक कशाला, असं तिने आईला छाती फुगवून सांगितलं आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने विचारलं, "आवाजवाला देऊ की बिनआवाजाचा?"

"बिनआवाजाचाच द्या हो. कान किटलेत आमचे."

किटले होतेच. इंडिकेटर लावला की जुना फ्लॅशर पीं पीं करून असा कोकलायचा, की बाबा कोपऱ्यावर वळले की इकडे आई दाराची कडी काढायची. थोरलीने सीटखालचं बाजूचं झाकण उघडलं, जुनी डबी उपटली, नवीला वायरी खोचल्या आणि ती रबराच्या पट्टीत घट्ट बसवली. बटण सरकवलं. दिवा लागला, विझला, लागला. हूं नाही की चूं नाही.

"जमलं बुवा तुला!" बाबा म्हणाले. मग हेल्मेट चढवून ते हायवेपलीकडच्या वखारीत फळ्या बघायला निघाले.

फाटकातून उजवीकडे वळताना त्यांनी इंडिकेटर लावला. वळून झालं, मोटरसायकल नाकासमोर चालू लागली, तरी मागचा पिवळा दिवा लुकलुकतच राहिला. थोरली आपल्याच हातच्या कामाकडे कौतुकाने बघत होती. मग ती फाटकाबाहेर धावली.

"बाबा! इंडिकेटर!"

हेल्मेटमधल्या माणसाला काय कप्पाळ ऐकू येणार! बाबा इंडिकेटर बंद करायला रोज विसरायचे, आणि पीं पीं चालूच राहिलं की त्यांचा अंगठा आपसूक बटणावर जायचा. घराला नकोसा झालेला तो आवाज कुणासाठी होता, हे तिला आत्ता उमगलं. मागचा ट्रकवाला समजणार, हा उजवीकडे वळतोय. तो डावीकडून मुसंडी मारणार. आणि बाबा तर सरळच जाणार.

तिने फोन लावला. तो आत टेबलावर वाजला.

"अगं, इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही," आई म्हणाली.

"आई, मी आवाज काढून टाकला गं."

आई पायरीवर मटकन खाली बसली.

थोरलीने सायकल काढली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. दर पायडलला तिला बाबा रस्त्यावर पडलेले दिसत होते, कधी कुशीवर, कधी पालथे. लांब कुठे हॉर्न वाजला तरी तिच्या तोंडचं पाणी पळत होतं. डबी परत काढते, जुनी बसवते, आणखी दोन भोंगे लावते, पण त्यांना काही होऊ देऊ नकोस, असं ती कुणाला तरी विनवत होती.

हायवेच्या तोंडाशी एक ट्रक रस्त्यात तिरका उभा होता. चार माणसं जमली होती. सायकल तिथेच टाकून थोरली पुढे धावली.

बाबा उभे होते. धडधाकट, मोटरसायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून. ट्रकवाला त्यांच्यावर खेकसत होता, "काका, वळायचं तर वळा ना! दिवा उजवीकडचा दाखवताय नि जाताय सरळ! हातभर राहिलं होतं, हातभर!"

थोरलीला बाबांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण बाबा तिच्यावरच वैतागले, "अगं, दिवा कसला? तुझा फ्लॅशर बंदच पडला वाटतं. आवाजच नाही."

"आवाज नाहीच आहे त्याला. पण हा बघा ना, मीटरवरचा हिरवा दिवा. अजून लुकलुकतोय."

बाबांनी हेल्मेट काढलं. खाली वाकले. आणखी वाकले.

"कुठे?"

तिने दिव्यावर हाताची सावली धरली. हिरवा उजेड तिच्या तळव्यावर पडत होता, जात होता.

"बाबा, हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आवाज होता, भागत होतं."

"आणि ट्रक? ट्रक दिसला होता ना तुम्हाला?"

बाबा हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. "ब्रेक ऐकला," ते हळूच म्हणाले.

थोरलीने चावीसाठी हात पुढे केला. या मोटरसायकलच्या चावीला बाबांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. आता त्यांनी ती काढली आणि मुकाट्याने तिच्या हातावर ठेवली. ट्रक बघून वाटली नव्हती एवढी भीती थोरलीला तेव्हा वाटली.