हळदीचं कुंकू

औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर सूर्यकांतचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून तो घरीच कुंकू करायचा. अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला बाजारात रासायनिक रंगाचं लालभडक कुंकू आलं. गिऱ्हाईक तेच मागू लागलं, म्हणून त्यानंही तेच ठेवलं. त्याची बायको वासंती त्याच्या पुड्या बांधायची आणि स्वतःही तेच लावायची.

वर्षभरात तिच्या कपाळाला खाज सुटली.

"अहो, आपलं हळदीचंच बरं होतं. यानं आग होऊन राहिली," ती म्हणाली.

"एवढा श्रावण जाऊ दे, मग बघू," सूर्यकांत म्हणाला.

श्रावण गेला, शिवरात्रही गेली. कपाळावर पांढरा डाग उठला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हे कोड नाही, त्या रंगानं झालंय. पण गेलेला रंग परत येईलच असं नाही."

सूर्यकांतनं उरलेलं लाल कुंकू त्याच आठवड्यात परत पाठवलं आणि पुन्हा हळदीचं करायला घेतलं. पहिली चिमूट तो वासंतीकडे घेऊन गेला.

"हे लाव. यानं काही होणार नाही."

"आता भीती वाटते हो," ती म्हणाली. तिनं पुन्हा कधीच कुंकू लावलं नाही.

पुढच्या श्रावणात दर्शनाला आलेल्या एका बाईनं ते कुंकू घेतलं. वासंतीला लावायला तिनं बोट पुढं केलं, मोकळं कपाळ पाहिलं आणि ओशाळून हात मागं घेतला. सूर्यकांत शेजारीच उभा होता.