तुलनापत्रातून वगळलेले वाक्य

वाचकहो, जी गोष्ट उच्चारण्यास माझी जीभ दोन महिने धजावली नाही, ती मी येथे लेखणीने सांगणार आहे. तीत दोष दिसेल तो लिहिणाऱ्याच्याच पदरात टाकावा, ही विनंती.

मी किल्ल्या करणारा कारागीर. शिक्षण सातवी, तेही रडतखडत. परंतु वाचनाची गोडी अपार. आमच्या उदारमतवादी पक्षाच्या शाखेत उभी फूट पडली होती. निम्मे सभासद वकीलसाहेबांचे, निम्मे सिस्टरांचे, म्हणजे सरकारी दवाखान्यातील परिचारिकेचे. नगरसभेची उमेदवारी मात्र एकच. शाखेचा जुना नियम असा, की कोणत्याही गटात नसलेल्या सभासदाने दोन्ही इच्छुकांचे तुलनापत्र लिहून भर सभेत वाचावे. त्यानंतर चर्चा नाही, थेट मतदान. उभय गटांनी माझेच नाव सुचविले. त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे दोनदा पाहिले.

"हुरळली मेंढी," बायको म्हणाली. "आता लांडगा कोणता, तेवढं बघा."

प्रथम वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी भाडेकरूंचे अनेक खटले विनामूल्य लढविले होते, हे निर्विवाद. पक्षाच्या मासिकातील सहिष्णुतेवरील माझा निबंध त्यांनी कापून फायलीत ठेवला होता. त्यातील एक परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला.

"काय भाषा आहे हो! शिकल्या-सवरलेल्यांना जमत नाही. पुस्तक करा याचं. प्रस्तावना मी लिहितो."

आयुष्यात मला कोणी लेखक म्हटले नव्हते.

तेथून दवाखान्यात गेलो. सिस्टर चादरींच्या घड्या घालीत होत्या.

"दादा, बोलता बोलता हे टोक धरा."

मी टोक धरले आणि, न राहवून, विचारले, "माझा निबंध वाचलात?"

"वाचला. खोटं कशाला बोलू, निम्मा डोक्यावरून गेला. साधं लिहा ना. कुलूप कसं उघडतं ते आम्हाला सांगता, तसं."

शेजारच्या खाटेवरील म्हातारा हसला. "मनावर घेऊ नका. आमच्या सिस्टर इंजेक्शनसुद्धा न सांगता टोचतात."

मी हसलो, परंतु सुई आत राहिली.

पुढे माहिती गोळा करीत असता एक छापखानेवाला माझ्या दुकानात येऊन बसला. गतवर्षी त्याने आमच्या पक्षाच्या निंदेचे पत्रक छापले होते. त्यात सिस्टरांविषयी अत्यंत हीन मजकूर होता. त्यावरून पोलिसांनी त्यास उचलले. "आपल्याला शिव्या देणाऱ्याचं वकीलपत्र मी कशाला घेऊ?" असे म्हणून वकीलसाहेबांनी त्याच्या बायकोला परत पाठविले. सिस्टर मात्र तीन दिवस, दवाखान्यातील पाळी संपताच, त्याला सोडावे म्हणून पोलीस चौकीच्या बाकावर येऊन बसत. याची वाच्यता त्यांनी शाखेत कोठेही केली नव्हती. छापखानेवाल्याने सांगितले तेव्हाच मला कळले.

तुलनापत्राच्या कच्च्या प्रतीत मी ते लिहिले. पक्की प्रत करताना गाळले.

ती मी मोठ्याने वाचून पाहत होतो, बायको ऐकत होती. "आणि ती चौकीची गोष्ट?"

"ती ऐकीव आहे."

"ऐकीव? तो माणूस आपल्याच दुकानात बसून बोलला. चहा मी दिला त्याला!"

वकीलसाहेबांची दोन पाने मी तिसऱ्यांदा सुवाच्य अक्षरात उतरविली.

सभेत टाळ्या पडल्या. सिस्टर चार मतांनी हरल्या.

आठवडाभराने त्या औषधांच्या कपाटाचे कुलूप घेऊन आल्या. किल्ली आत मोडली होती.

"छान वाचलंत हं, दादा. या वेळी सगळं कळलं मला."

माझ्या हातातील चिमटा घसरला.

"तो छापखानेवाला भेटला होता म्हणे तुम्हाला?"

"हो. पण... कागद पुरला नाही."

"असेल," त्या म्हणाल्या. त्या शब्दात टोमणा नव्हता. मी तो पुष्कळ शोधला. सापडला असता तर बरे वाटले असते. मी पैसे घेईना, तेव्हा त्या म्हणाल्या, "असं नाही करायचं. तुमचं काम चोख असतं."

त्याच महिन्यात वकीलसाहेबांनी शब्द पाळला. प्रस्तावना आली, चार पानांची, सुंदर. दुसऱ्याच ओळीत लिहिले होते, 'या लेखकाची लेखणी कोणाच्याही बाजूला झुकत नाही.' पुढे वाचवले नाही.

प्रस्तावना मी परत केली. कारण विचारले तेव्हा म्हणालो, "पुस्तकाचा विचार रहित केला." म्हणजे तेथेही वाक्य गाळलेच.

उमेदवारी आता फिरणार नाही, हे मी जाणतो. तथापि कच्च्या प्रतीतील ते वाक्य जसेच्या तसे येथे देतो: 'चौकीत सिस्टर म्हणाल्या, मला शिव्या दिल्या म्हणून माणूस कोठडीत राहणार असेल, तर आपला पक्ष हवाच कशाला?'

हे वाक्य त्यांचे आहे. कदाचित म्हणूनच ते सर्वांना समजेल.

येथवर वाचण्याची तसदी घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी,

किल्लीवाला