उस्तादांची धड अक्षरं

गोरोबा ढाबेवाल्याचा फोन आला. "महांतेश, तुझ्या उस्तादला घेऊन जा बाबा. माझा नवा बोर्ड खराब करायलेत."

मी गाडीला किक मारली. नळदुर्गात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. पण हातात ब्रश धरायला शिकवलं ते चन्नबसप्पा पेंटरनी. हायवेवरच्या निम्म्या भिंती त्यांच्याच हातच्या. त्यांची एक खोड होती. नवरात्र जवळ आलं, की रंगाचा डबा घेऊन निघायचं आणि रंग उडालेलं प्रत्येक अक्षर पुन्हा भरून यायचं. कुणी सांगितलेलंही नसायचं. "तुळजापूरला जाणारी माणसं आपलं अक्षर बघत जातेत," म्हणायचे. मला तो शुद्ध खुळेपणा वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि भिंती तशाच राहिल्या. अक्षरांचे पापुद्रे निघाले, कडा झिजल्या. नेमके तेव्हाच मी फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर त्यांचा फॉन्ट बनवला. चिरा मुद्दाम ठेवल्या, कारण लोकांना हल्ली तसलंच जुनाट आवडतं. नाव दिलं 'रांगडा'. चहाची दुकानं, टी-शर्ट, लग्नपत्रिका, जिकडं बघावं तिकडं रांगडा. उस्तादांना विचारायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, टाळलंच मी.

ढाब्यावर पोचलो, तर उस्ताद स्टुलावर चढलेले. उजवा हात डाव्या हातानं धरून मीच छापलेल्या फ्लेक्सवरच्या रांगडा अक्षरांतल्या चिरा ते पांढऱ्या रंगानं भरत होते. रंग खाली ओघळत होता.

"हे माझं अक्षर हाय," ते हळूच म्हणाले. "छापताना बिघडलंय तुझं. घाबरू नको, कुणाला सांगत न्हाय. भरून घेतो."

माझी छपाई चुकली असं समजून म्हातारा माझी अब्रू वाचवत होता. मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मला लाज वाटली, फार लाज वाटली.

"उस्ताद, बिघडलं न्हाय. मुद्दाम तसंच घेतलंय. तुम्ही आजारी होता, त्या सालच्या भिंतीवरून."

त्यांचा हात थांबला. "बारा वर्सं माझ्याजवळ व्हतास. धड व्हतं तवा न्हाय घ्यावं वाटलं?"

मी त्यांना हात देऊन स्टुलावरून उतरवलं. त्यांना गाडीवर बसवून दुकानात आणलं, पुढं कोरा कागद ठेवला आणि हात जोडले. "नव्यानं लिहून द्या उस्ताद. जुना फॉन्ट काढून टाकतो."

त्यांनी बराच वेळ घेऊन 'अ' काढला. रेघ थरथरली, मध्येच तुटली, पुन्हा कशीबशी पुढं सरकली. बघून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. रागानं नाही, मला उपयोगी पडावं म्हणून बोलले.

"घे. ह्याला चिरा ठेवायची बी गरज न्हाय."