कणगीवरचा सरकारी कागद

मी एक जुना, खोटं बोललेला कागद आहे, मित्रांनो. आजच्या भाषेत पोस्टर. ऐंशी वर्षांपूर्वी दुसरं महायुद्ध चालू होतं, तेव्हा मला मुंबईच्या एका छापखान्यात छापलं. माझ्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई आहे, तिच्या डोक्यावर भाताचा भारा आहे आणि खाली ठळक अक्षरं आहेत: ‘घरचे भात सरकारला द्या. यंदा द्याल, तर पुढल्या वर्षी दुप्पट खाल.’ या ओळी कुणी लिहिल्या ते मला ठाऊक नाही. पण शाई ओली होती तेव्हापासून मला त्यांचा भारी गर्व होता. आम्हा पोस्टरांचं काम काय, तर ओरडायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

आमचा गठ्ठा शहापूरला आला. तिथून एक शिपाई मला घेऊन तानसा तलावाच्या अंगाच्या एका वाडीवर आला. पहिलंच घर नामाचं. शिपायानं खळ करायला मूठभर तांदूळ नामाच्या बायकोकडूनच, म्हणजे सावळीकडूनच मागून घेतले. चूलही तिचीच. मला दारालगतच्या कुडावर चिकटवलं आणि तो पुढच्या वाडीला निघून गेला. मला वाचून दाखवायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि वाडीत एकालाही अक्षर येत नव्हतं.

माणसं जमली. "कोण गो ही?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "डोक्यावर भात हाय, म्हंजे कणसरीच की!" कणसरी म्हणजे दाण्यांची आई, भाताची देवी. झालं! नामानं ओल्या खळीसकट मला अलगद सोडवलं, सागाच्या फळीवर चिकटवलं आणि घरात कणगीच्या वर टांगलं. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची उंच, मोठी टोपली. शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो म्हणतात. मी तर रंगीत कागद! खरं सांगू? मला बरं वाटलं. बाहेर पावसात भिजून फाटण्यापेक्षा देव होणं काय वाईट?

सुगी झाली आणि वसुलीची माणसं आली. कणगीतलं भात त्यांनी पोत्यांत भरून नेलं. पैसे दिले, नाही असं नाही. पण त्या पैशांना तांदूळ कुठं मिळत नव्हता. आषाढ लागेपर्यंत कणगीचा तळ दिसला. मग सावळी रानातून कडूकंद खणून आणू लागली. हा कंद विषारी असतो. त्याच्या चकत्या करून उकडायच्या, टोपलीत भरायच्या आणि टोपली रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायची, तेव्हा कुठं तो खाता येतो. एके दिवशी सावळीनं चकत्या उकडून टोपलीत काढल्या आणि आधी लाकडांची मोळी आणावी म्हणून ती रानात गेली. घरात तिची सहा वर्षांची शकू होती. दोन दिवसांची उपाशी पोर ती. तिनं त्या चकत्या तशाच खाल्ल्या. मी वरून बघत होतो. दुसऱ्या दिवशी शकू गेली.

पुढच्या सुगीला सावळीनं नव्या भाताची पहिली लोंबी माझ्यापुढं ठेवली. मला कुंकू लावलं आणि जमिनीला डोकं टेकून ती रडली. "आई, माझं काय चुकलं गो? कुठं कमी पडली मी? आता रुसू नको." मित्रांनो, तिचं काहीसुद्धा चुकलं नव्हतं. पण माझ्या तोंडी छापील दोन ओळींपलीकडे शब्द नव्हता. ती दरवर्षी हेच विचारायची आणि मी दरवर्षी तिचं कुंकू घ्यायचो.

पुढं सावळीला मुलगा झाला, बुधू. बुधूची बायको हौसा घरात आली. सासूनं तिला शकूची गोष्ट सांगितली आणि लोंबी ठेवायचं काम तिच्याकडे दिलं. नामा गेला, सावळी गेली, बुधूही गेला. चुलीच्या धुरामुळे मला कसर लागली नाही. माझी अक्षरं कणगीच्या काठाआड दडली होती, म्हणून हौसाच्या शाळा शिकलेल्या मुलालाही, सुदामलाही ती कधी दिसली नाहीत. दिसत होता तो बाईचा चेहरा, कुंकवानं लाल झालेला.

आता मुरबाडच्या वाल्मिक गोजरांचं सांगतो. हे निवृत्त कंडक्टर. यांना युद्धाच्या काळातली पोस्टरं जमवायचा नाद. ‘अफवा पसरवू नका’, ‘रॉकेल जपून वापरा’, अशी अठरा त्यांच्याकडे आहेत. म्हसा गावच्या जत्रेत लोक बैल बघतात, घोंगड्या बघतात, हे महाराज घोंगडीवर आपली दोन पोस्टरं पसरून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "असलं कुणाच्या घरी आहे का हो?" गेल्या पौषात सुदाम तिथं थबकला. "असलीच बाई आमच्या कणगीवर हाय की."

आठ दिवसांत वाल्मिकभाऊ वाडीवर हजर. सुदामनं मला खाली उतरवलं. वाल्मिकभाऊंनी चष्मा लावला आणि मनातल्या मनात वाचलं.

"काय लिवलंय, भाऊ?" हौसानं विचारलं. "मला अक्षर नाय येत. देवीचं म्हणणं काय ते कळू दे तरी."

मी त्यांना हवा होतो. देवी म्हणून मी त्या घरातून हललो नसतो. सरकारी कागद म्हणून मात्र त्यांना मिळालो असतो. खरं सांगण्यात त्यांचाच फायदा होता, म्हणून तर त्यांची जीभ अडखळली. आणि मी, जन्मभर ओरडत आलेला, मनात विनवत होतो: नका हो वाचू!

"जुनी जाहिरात आहे मावशी. सोडा ना."

"सोडा काय? वाच."

त्यांनी वाचलं. हौसानं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"ज्या साली भात नेलं, त्याच सालचं?"

"हो मावशी. तेव्हाचंच."

"आये, ऱ्हाऊ दे," सुदाम म्हणाला. पण ती माझ्याजवळ बसली आणि माझ्या चेहऱ्यावर तिनं हात ठेवला.

"सासू मरेपरत म्हणायची, माझंच काय तरी चुकलं. तुझ्यापुढं डोकं आपटलं तिनं. तुला लाज नाय वाटली रं?"

वाटली, मित्रांनो. फार वाटली.

"ने ह्याला," ती वाल्मिकभाऊंना म्हणाली. मग सुदामकडं वळली. "पुढल्या सुगीला पहिली लोंबी मी कुणापुढं ठेवू?" वाल्मिकभाऊंनी मान खाली घालून मला गोणपाटात गुंडाळलं.

आता मी मुरबाडला त्यांच्या माडीवर काचेआड आहे. एका जाणकाराकडून त्यांनी माझ्यावरची काजळी आणि कुंकू हलक्या हातानं काढून घेतलं. चेहरा उजळला आणि अक्षरंही पुन्हा ठळक झाली. मी पुन्हा ओरडतो आहे, तेच खोटं. शाळांच्या सहली येतात, मुलं म्हणतात, "काय भारी चित्र आहे!", माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि जातात. खाली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर माझी लांबी-रुंदी, साल आणि मी सापडलो ती वाडी, एवढंच लिहिलंय.

मित्रांनो, जुने कागद जरूर जपा. त्यांना ओल लागू देऊ नका, घडी घालू नका. पण नुसता कागद जपू नका. तो कुणाच्या घरात होता आणि त्या घरात काय झालं, तेही विचारा. वाल्मिकभाऊ भले गृहस्थ आहेत, हट्ट धराल तर ऐकतील. माझ्या चिठ्ठीवर खाली बरीच जागा मोकळी आहे. तुमच्यात ज्याचं अक्षर चांगलं असेल, त्यानं तिथं एवढं लिहा:

‘शकू. सावळी आणि नामा यांची मुलगी. वय वर्षं सहा. हिच्या ताटातला भात या कागदानं नेला. सावळीचं काही चुकलं नव्हतं.’