दमट सदरा आणि चार ओळींची कविता

माझ्या धाकट्या लेकाला अक्कल देताना देवाने हात आखडला नाही, पण ती वापरायची कधी हे सांगायला तो विसरला. कॉलेजात मास्तर आहे. गेलं दीड वर्ष रोज दुपारी आमच्या लाँड्रीत येतो आणि रफू करणाऱ्या मुलीसमोर बसून एका जुन्या कवितेचा अर्थ लावतो. कविता चार ओळींची! अर्थ काही संपेना.

पोरगी मात्र लाखात एक. जळक्या कोटाला तिने केलेलं रफू खुद्द कोटवाल्याला सापडत नाही. तिला दुसऱ्या गावी मोठ्या दुकानात काम लागलंय, शनिवारी निघणार. धाकट्याला हे ठाऊक होतं. तरी गुरुवारी स्वारी पुस्तक घेऊन हजर.

मी इस्त्री करत होते. सदरा दमट असतानाच घ्यायचा, वाळला की चुण्या ऐकत नाहीत, हा आमच्याकडचा नियम.

त्याने वाचलं. कवी प्रियेला सांगतो, सावली उंबऱ्यापर्यंत आली, ती आत शिरायच्या आधी तू बाहेर ये. मी तिसरीत शाळा सोडलेली, पण हात थांबला माझा. काय माणूस असेल! आडपडदा नाही, सरळ दारात उभा.

"इथे सावली हे काळाचं प्रतीक," धाकटा सुरू झाला. "किंवा दुसऱ्या मताप्रमाणे..."

"सर," मान वर न करता ती म्हणाली, "तो घाबरलाय हो. ती आलीच नाही तर, म्हणून. म्हणून बोलून टाकलं त्याने. तुम्हाला नाही भीती वाटत?"

धाकट्याने चष्मा पुसला. "वाटते ना. फार."

"मग शनिवारी मी एकटीच जाऊ?"

असं विचारायला छाती लागते. मी कौतुकाने बघतच राहिले आणि टेबलावरचा सदरा खडखडीत वाळला. आणि आमचे विद्वान? पान उलटून म्हणतात, "तिसऱ्या ओळीबद्दल मला जरा शंका..."

मी सदऱ्यावर पाणी शिंपडलं. निम्मं त्याच्या तोंडावर गेलं, ते काही चुकून नव्हे.

"अरे शहाण्या, सदरा मला पुन्हा ओला करता येतो. ही पुन्हा विचारायची नाही. तो कवी मोठा, त्याच्याहून ही मोठी, तुझा नंबर अजून लागायचाय. तू हिच्याबरोबर गेलास आणि माझं घर रिकामं झालं, तर माझं मी बघेन. पुस्तक मिट, आणि 'एकटी नको' एवढं म्हण. माझ्यासमोर म्हण!"