दोन होड्या, एक तिवर

आमचे हे आणि थोरले दीर यांच्यातून विस्तव जात नव्हता. वाटणीत एकेक होडी झाली, निम्मी निम्मी जाळी झाली, सासूबाईंची पातेलीसुद्धा सुटली नाहीत. वाटता आलं नाही ते खाडीच्या वळणावरचं तिवराचं जुनं झाड. घरच्या होड्या वादळात त्यालाच बांधायच्या. भोवती सगळं तिवरांचंच रान, शहरातले खारफुटी म्हणतात ते. एरवी आम्ही तिथे खेकडे धरतो, पण वादळाची लाट त्या मुळांतून आत येईतो तिचा निम्मा जीव गेलेला असतो.

वादळाचा इशारा आला. गावातल्या होड्या खाडीत शिरल्या. आमच्या दोन तेवढ्या किनाऱ्यावर उघड्या.

"अहो, होडी न्या ना!"

"आधी त्याला नेऊ दे. मी त्याच्या मागे मागे जाणार नाही."

भिंतीपलीकडेही हेच उत्तर मिळत असावं, कारण जाऊबाईंचा आवाज चढला होता. होडी गेली तर खायचं काय, हा विचार वाटणीत कोणाच्याच वाट्याला आला नव्हता.

शेवटी मीच वल्हं उचललं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? वळणावर पोचते तर जाऊबाई कमरेइतक्या पाण्यात आपल्या होडीशी झटत होत्या.

"आलीस? धर दोर."

दोन्ही होड्या एकमेकींना बांधल्या, मग झाडाला. होडीची गाठ पुरुषांना येते. आम्ही जन्मभर जाळी विणलेली, त्यामुळे जाळ्याचीच गाठ मारली. ओली झाली की ती दगडासारखी आवळते.

वादळ ओसरल्यावर दोघे भाऊ दोन वाटांनी तिथे हजर. होड्यांवर ओरखडाही नव्हता. मला रडूच आलं. दोर मात्र सुटेना. ह्यांनी सुरी काढली.

"कापू नकोस!" दीर ओरडले. दोन वर्षांतलं पहिलं बोलणं. "बाबांचा दोर आहे. तिवराच्या सालीत उकळून उकळून टिकवलाय त्यांनी."

"मग काय दातांनी सोडवू?"

"सोडव. मी ताणून धरतो."

"अरे दादा, उलट्या बाजूला ताणतोयस!"

"तुला लहानपणापासून एक गाठ सुटली असेल तर शपथ!"

चिखलात बसून दोघे मनसोक्त भांडत होते. जाळी विणायची सुई घातली की ती गाठ चुटकीसरशी सुटते, आणि सुई माझ्या कमरेलाच होती. मी पुढे झाले. जाऊबाईंनी मला पदराला धरून मागे ओढलं.

"बस गं," त्या हळूच म्हणाल्या. "भरतीला अजून वेळ आहे."