बाबाच्या नातवाची नांदेडची फेरी

"मी सांगून राहिलो ते तुमच्यातल्या एकालाबी पटणार न्हाई," व्यंकटीबाबा म्हणाला, आणि पत्र्याच्या शेडखाली बसलेली सगळी माणसं ते पटवून घ्यायला पुढं सरकली.

चाकूरपासून जीपनं अर्ध्या तासावर नागझरवाडी. दर शनिवारी तिथं बाबा बसे. जीपगाड्या इतक्या भरून येत की ड्रायव्हर बाहेर लटके आणि आतला एखादा पाहुणा गाडी चालवी.

"डबा आला व्हता माझ्याकडं, सोताच्या पायानं," बाबा म्हणाला. डबा म्हणजे तान्ह्या लेकराची छाती भरते, बरगड्या आत ओढल्या जातात, धाप लागते ते दुखणं. डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतात. बाबाच्या सांगण्यात मात्र त्याला शेपूट होतं. "काळा, केसाळ, रेडकाएवढा. म्हणला, ह्या गावची लेकरं माझी. मी म्हणलो, ने की, आधी च्या तर घे. त्यानं बशी तोंडाला लावली आन म्या त्याला ताईतात कोंबला. माझ्या सोताच्या नातवाला सरकारी सुई शिवली न्हाई अजून. बघा पोरगं, टोणग्यावानी हाय."

"हाव," पहिल्या रांगेतून अमृतराव म्हणाले. मग साऱ्या शेडनं "हाव" म्हटलं.

अमृतरावांचा हा "हाव" लई किमतीचा. त्यांनी म्हैस विकताना "दुधाळ हाय" म्हटलं की गिऱ्हाईक धार काढून बघत नसे. बाबा त्यांचा लहानपणचा मैतर. दोघांनी एकाच मास्तरचा मार खाल्लेला. बाबा आधी कोंबड्या विकायचा, मग कोंबड्यांचे रोग घालवायला लागला, मग माणसांचे. पण अमृतराव शेजारी बसायला लागले तेव्हापासून त्याचं बस्तान बसलं.

मग ताटलीचा चमत्कार होई. आई लेकराला खांद्याशी उभं धरी. बाबा तीर्थाच्या ओल्या हातानं त्याची पाठ चोळून तळहाताएवढी पितळी ताटली दाबे. ताटली चिकटून राही. "बघा, डबा आतून धरून राहिला." बायका पदर तोंडाला लावत. बाबा ताटली काढून पाठीला अंगारा फासे, काहीतरी पुटपुटे आणि ताटली पुन्हा लावी. या खेपेला ती खणकन खाली पडे. "सुटला." ताईत गळ्यात, आणि वर ताकीद, "हा हाय तवर सुई न्हाई. सुई टोचली की ताईत रुसतो."

अमृतरावांची नात सृष्टी सात महिन्यांची, गळ्यात बाबाचा ताईत. सून शिवकन्या नांदेडची. तिची आई नसल्यामुळं बाळंतपण सासरीच झालं. आरोग्य केंद्राची सिस्टर दोनदा दारात आली, दोनदा अमृतरावांनी तिला पाणी दिलं आणि परत पाठवलं. शिवकन्या आतल्या दारात पोरीला घेऊन उभी होती. 

पुढं शिवकन्येच्या भावाची लग्नाची सुपारी ठरली म्हणून ती पोरीला घेऊन नांदेडला गेली. दुसऱ्याच दिवशी तिच्या भावाचा अमृतरावांना फोन. "मामा, पोरगी धापा टाकून राहिली. दवाखान्यात नेलंय."

अमृतराव पोचले तेव्हा सृष्टीच्या नाकाला नळी होती. छातीचा पिंजरा प्रत्येक श्वासाला आत जाई, असा की पुढचा श्वास येतो का, हे बघत बसावं लागे. त्या पिंजऱ्याकडं बघताना अमृतरावांना बाबाचा रेडका काही दिसेना.

"लसी झाल्यात का हिच्या?" लेकरांच्या डॉक्टर धम्मप्रिया यांनी विचारलं.

"ताईत व्हता," अमृतराव म्हणाले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, आमच्या गावात कोण सुया देत न्हाई. तरी बाकीची लेकरं धडधाकट हायत. ही एकच कशी पडली?"

खाटेच्या पलीकडून शिवकन्या बोलली, सासऱ्याकडं न बघता. "मामा, पहिलटकरीण माहेरी जाते. सगळ्याजणी तिकडंच सुया देऊन येतात, पुढच्या सुयांना बी माहेराचंच निमित्त काढतात. हितं कुणी सांगत न्हाई. तुम्ही दारातून सिस्टरला परत लावता, तुम्हाला कोण सांगंल? मला माहेरी आईच न्हवती."

अमृतराव गावातलं एकेक लेकरू आठवत गेले. बाबानं गावभर मिरवलेली सगळी धडधाकट लेकरं शिराढोण, उदगीर, देगलूर, नांदेड अशा आजोळच्या दवाखान्यांत सुया घेऊन आलेली होती आणि ताईत वरून बांधलेला होता.

"मी बाबाला कुठं ओळखत व्हते?" शिवकन्या म्हणाली. "मी तुमच्यावर ईस्वास ठेवला."

संध्याकाळी राउंड संपल्यावर अमृतरावांनी डॉक्टरांना गाठलं. "त्या सुईत असतंय तरी काय, ते मला समजंल असं सांगा. समजल्याबिगर मी आता कशालाच हाव म्हणणार न्हाई."

डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "काका, हा जंतू अंगावर साखरेचं पांघरूण घेऊन येतो. आपल्या खायच्या साखरेचं नव्हे, त्याच जातीचा एक चिकट पदार्थ. मोठ्या माणसाचं शरीर त्याला ओळखतं. दोन वर्षांच्या आतलं लेकरू ओळखतच नाही. समजा, एक परका माणूस येऊन तुमच्या पारावर बसला. कोण विचारतं?"

"कोण न्हाई. सोयाबीनवाला आसंल म्हणतील."

"आणि तोच गावच्या जावयासोबत आला तर?"

"मग काय. नाव विचारतील, गाव विचारतील, मामाकुळी विचारतील. धा वर्सांनी दिसला तरी वळखतील."

"तेच केलं. शास्त्रज्ञांनी आधी नुसत्या साखरेची लस काढली होती. मोठ्यांना चालली, तान्ह्यांना नाही. मग त्यांनी ती साखर एका प्रथिनाला जोडली. ते प्रथिन म्हणजे जावई. लेकराचं शरीर त्याला बघून उठतं आणि सोबतच्याचं तोंडही ध्यानात ठेवतं. पुढं खरा जंतू आला की दारातच धरतं. ही जोडणी जमायला कैक वर्षं गेली, आणि हजारो लेकरांत लस दिलेली आणि न दिलेली ताडून बघितली, तेव्हा सरकारनं ती फुकट द्यायला घेतली. तीन सुया, शेवटची नऊ महिन्यांना. सगळाच न्यूमोनिया हिनं थांबत नाही. पण जीव घेणारा बराचसा थांबतो."

"आन ताटली चिकटती ती?"

डॉक्टरांनी जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण घेतलं. अमृतरावांना सदरा वर करायला लावला, ओल्या बोटांनी पाठ पुसून झाकण दाबलं. चिकटलं. मग पाठ कोरडी करून पावडर चोळली. झाकण फरशीवर. शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, "बाबा रे, म्हाताऱ्याचा डबा सुटला." वॉर्ड हसला. अमृतरावांना हसू आलं नाही. कोरड्या पाठीला धातू धरत नाही आणि ओल्या पाठीला धरतो, हे त्यांना जन्मभर माहीत होतं; आंघोळीला बसलं की तांब्याचं बूडही मांडीला चिकटतं. फक्त बाबासमोर ते कधी आठवलं नव्हतं.

सृष्टीची नळी निघाली त्या सकाळी अमृतराव चहाला खाली उतरले. लसीकरणाच्या खोलीपुढं रांग होती. रांगेत पँट-शर्ट, डोक्यावर क्रिकेटची टोपी, तोंडाला मास्क आणि खांद्यावर टोणग्यासारखं पोर. माणूस कसाही झाकला तरी मैतराची मान लपत नाही.

"व्यंकट्या."

टोपी वळली. मास्क खाली आला. बाबाची सून वर्षाराणी पलीकडं तोंड करून उभी राहिली.

"नऊ महिन्याची सुई हाय," बाबा हळूच म्हणाला. "लातुरात लोक वळखतात, म्हणून हिकडं."

"पहिल्या दोन?"

"त्या बी हितंच दिल्या."

"आन तुझ्या सांगण्यावरून म्या सिस्टरला दोनदा दारातून परत लावलं."

"धंदा येगळा, नातू येगळा. तू शाना हाईस, अमृत्या. मला वाटलं, तूबी गुपचूप देऊन येशील. समदे येतात की."

इतकी वर्षं सगळ्या गावात खरोखर विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो पहिल्या रांगेत बसत होता.

पुढच्या शनिवारी शेड भरली. बाबानं रेडका काढला, बशी काढली. "माझ्या सोताच्या नातवाला सुई शिवली न्हाई," म्हणून थांबला. पहिल्या रांगेतून आवाज आला नाही. बाबानं पुन्हा म्हटलं.

अमृतराव उठले. "त्याला तिन्ही सुया झाल्यात. नांदेडला. मी रांगेत बघितलं. ताटली ओल्या पाठीला चिकटती, राखेनं सुटती, घरी करून बघा. तुम्ही माझा हाव ऐकून सिस्टरला दारातून परत लावलं, तसा आता माझा न्हाई ऐकूनबी काय करू नका. सोमवारी सिस्टर येणार हाय. तिला बसवा, विचारा, काय हाय, कशानं होतंय, कुणी ताडून बघितलंय. समजंपर्यंत उठू देऊ नका. जो विचारू देत न्हाई, त्याच्या हातात लेकरू देऊ नका."

शेडमध्ये कुजबुज झाली. बाबा लगेच हसला. त्याचा गळा चांगला तापलेला होता.

"बघा लोकहो, मैतर कसा फिरतो. आरं, तुझी नात वाचली कशानं? नळीनं? गळ्यात ताईत कुणाचा व्हता? डबा तिचा जीव घ्यायला निघाला व्हता, माझ्या ताईतानं दारात धरून ठिवला."

पुरुषांच्या माना हलायला लागल्या. एकानं "हाव, ते बी हाय" म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शिवकन्या उभी राहिली. सासऱ्यादेखत ती कधी चारचौघांत बोलली नव्हती.

"खोटं हाय ते," ती म्हणाली. "ताईत मी दवाखान्याच्या पायरीवरच कात्रीनं कापला. पोरगी सुधारली ती त्याच्या नंतर."